मन सावरण्याची विद्या

वासिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें खाडीच्या दक्षिण तीरावर अंजनवेल हें गांव वसलें आहे. समोर उत्तर तीरावर दाभोळ, पाठीशीं गुहागरचा डोंगराळ मुलूख, आणि गांवाच्या माथ्यावर गोपाळगड. खाडींत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर या किल्ल्याची नजर असे. सिद्दी, आंग्रे, पेशवे आणि शेवटीं १८१८ सालीं इंग्रज, असे त्याचे धनी बदलत गेले. पेशवाईच्या कागदांतून तालुके अंजनवेल हें नांव वारंवार येतें. किल्ल्याचा तट, त्याचे बुरूज आणि जमिनीच्या अंगाचा खंदक पाहिला म्हणजे एवढें खास पटतें, कीं बाहेरून येणाऱ्या संकटास तोंड कसें द्यावें हें त्या काळच्या लोकांस उत्तम कळत होतें.

परंतु ज्या खलाशाची होडी त्याच्या डोळ्यांदेखत उलटली, ज्या माउलीचा मुलगा समुद्रावरून परतला नाहीं, ज्या तरुण सुनेस पहिल्या बाळंतपणानंतर कारणावांचून रडूं कोसळूं लागलें, त्यांच्या मनावर जो घाला पडे त्यास तोंड देण्याची विद्या कोणाजवळ होती? ती शिकावयाची कोणाकडून? या प्रश्नाचा इतिहास किल्ल्यांच्या इतिहासाइतका गाजलेला नाहीं. मात्र तो प्रत्येक घरांत घडलेला आहे, आणि म्हणून तो समजून घेणें अगत्याचें आहे.

अशी विद्या पूर्वीं मुळींच नव्हती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कोंकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद असे. घरचा कर्ता पुरुष मुंबईस गिरणींत किंवा गोदींत, आणि घरीं म्हातारीं माणसें, मुलें व त्यांची आई. मधून मधून येणारी मनीऑर्डर आणि चार ओळींचें पत्र एवढाच दुवा. अशा स्थितींत त्या घरांनीं धीर धरला तो कांहीं योगायोगानें नव्हे. पहाटे जात्यावर बसून बाई ओवींत आपलें दुःख सांगे, तें शेजारची ऐके आणि आपली ओवी त्यांत मिळवी. गणपतीस चाकरमानी येत, शिमग्यास पालखी दारीं येई, भजनाची बारी रात्रभर चाले. घरांत मृत्यु घडला तर बारा-तेरा दिवस माणसांची रीघ लागे, आणि दुःखी माणसास एकटें सोडावयाचें नाहीं हा दंडक सारें गांव पाळी. या सर्व रीतींत तीन गोष्टी समान होत्या: बोलावयास जागा, हातांस काम आणि भोंवतीं माणसें. आजचें मानसशास्त्र दुःखी माणसास ज्या गोष्टी करावयास सांगतें, त्यांत याच तीन गोष्टी पुन्हा आढळतात. समर्थ रामदासांनीं तर २०५ श्लोकांचें एक संपूर्ण प्रकरणच मनास उद्देशून रचिलें. आपल्या मनास समोर बसवून त्याच्याशीं बोलावें, त्यास समजवावें, ही कल्पना मराठी घरांतल्या लहान मुलांनाही त्यामुळें परिचयाची झाली.

तथापि या जुन्या व्यवस्थेंत एक मोठी उणीव होती. जें दुःख सर्वांस दिसतें, त्यासाठीं तिच्यापाशीं उपाय होते. जें दिसत नाहीं, त्यास तिच्याजवळ नांवही नव्हतें. अपघातानंतर वर्षभर न लागणारी झोंप, चारचौघांत बोलतांना उडणारा थरकांप, परीक्षेच्या नुसत्या आठवणीनें पोटांत उठणारा गोळा, बाळंतिणीस येणारी खिन्नता, यांस बहुधा बाहेरची बाधा म्हणत. मग देवऋषी किंवा भगत यांच्याकडे जाणें आलें. कोणास तेथें विश्वासाच्या बळावर दिलासा मिळे. कोणाच्या वांट्यास धुरी आणि मारही येई. अशा अघोरी उपायांस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रांत २०१३ सालीं झाला, यावरून ती रीत किती काळ टिकली हें ध्यानांत येईल. जे भगताकडे जात नसत, त्यांतले पुष्कळ पुरुष दारूकडे वळत, आणि पुष्कळ स्त्रिया गप्प बसत.

सरकारनें या क्षेत्रांत पाऊल टाकलें, तें प्रथम भिंत बांधण्यासाठीं. १८५८ सालीं हिंदुस्थानांत वेड्यांच्या इस्पितळांविषयीं कायदा झाला. पुढें १८८६ सालीं रत्नागिरीस असें इस्पितळ उभें राहिलें, आणि १९०१ सालीं ठाण्यास. १८५८ च्या आणि त्यामागून आलेल्या १९१२ च्या कायद्याचा रोंख मुख्यतः एवढाच होता, कीं वेडा ठरलेल्या मनुष्यास कोणाच्या हुकुमानें आंत घ्यावें आणि केव्हां बाहेर सोडावें. १९२० च्या सुमारास या संस्थांचीं नांवें बदलून त्यांस मानसिक रोग्यांचीं रुग्णालयें म्हणूं लागले. परंतु पाटी बदलली तरी लोकांच्या मनांतील धास्ती बदलली नाहीं. ठाणें आणि येरवडा हीं नांवें मुंबई-पुण्याच्या बोलण्यांत वेडाचीं पर्यायी नांवें होऊन बसलीं. ज्यांचा आजार तीव्र होता, त्यांस या रुग्णालयांनीं आसरा दिला, आणि रत्नागिरीचें रुग्णालय आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालू आहे, हें खरें. परंतु त्या भिंतीच्या धास्तीमुळें एक विलक्षण परिणाम झाला. मनुष्य एक तर शहाणा, नाहीं तर वेडा, अशी समाजाची समजूत पक्की झाली. जो शहाणा आहे पण हैराण झाला आहे, त्यानें जावें कोठें? घर आणि इस्पितळ यांच्या मध्यें ओसाड माळ पडला होता. मानसशास्त्रज्ञाचें काम त्या माळावर सुरू झालें.

मानसशास्त्र हें शास्त्र म्हणून प्रयोगशाळेंत आलें, तें १८७९ सालीं जर्मनींतील लाइपझिग येथें वुंट यांनीं प्रयोगशाळा स्थापिली तेव्हां. दुःखी माणसाच्या उपयोगास तें पडलें, त्यास आणखी काळ लागला. १८९६ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत लायटनर विटमर यांनीं पहिलें मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडलें. तेथें प्रथम आणलेला मुलगा वेडा नव्हता. त्यास शब्दांचें लेखन कांहीं केल्या जमत नव्हतें, म्हणून त्याची शिक्षिका त्यास घेऊन आली होती. इतिहासाच्या दृष्टीनें ही बारीकशी गोष्ट महत्त्वाची आहे. ज्यास कोणीही वेडा म्हणणार नाहीं, अशा मनुष्याची अडचण शास्त्राच्या साहाय्यानें समजून घ्यावी व त्यास कांहीं शिकवावें, ही नवी वाट येथून निघाली. आपल्या देशांत कलकत्ता विद्यापीठानें १९१६ च्या सुमारास मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. मुंबईंत १९३६ सालीं टाटांच्या देणगींतून समाजकार्याचें शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि तिच्या आश्रयानें १९३७ सालीं मुलांसाठीं मार्गदर्शन-चिकित्सालय सुरू झालें. हट्टी, भित्रीं, शाळा चुकविणारीं मुलें तेथें येऊं लागलीं. मार देऊन अगर अंगारा लावून जें साधत नव्हतें, तें बोलून, निरीक्षण करून आणि आईबापांस शहाणें करून साधतां येतें, हा अनुभव मुंबईकरांच्या पदरीं पडला.

याच काळांत मन सावरण्याचे एकेक उपाय कसोटीस लावले जात होते. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं पीटर नांवाच्या, तीन वर्षेंही पुरीं न झालेल्या मुलाची सशाविषयींची भीति घालविल्याची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असे, आणि ससा दररोज थोडा थोडा जवळ आणला जाई. अखेर तें त्यास कुरवाळूं लागलें. १९२९ सालीं एडमंड जेकबसन यांनीं अंगाचे स्नायू क्रमाक्रमानें सैल सोडून मनाचा ताण उतरविण्याची पद्धति ग्रंथरूपानें मांडली. इकडे लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून प्राणायाम व आसनें यांचा शरीरावर काय परिणाम होतो, याची यंत्रांच्या साहाय्यानें तपासणी आरंभिली. श्वास आणि मन यांचा संबंध आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होता. आतां तो मोजून पाहण्याचा यत्न होऊं लागला.

विचारांच्या बाजूनें मोठें काम केलें तें न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनीं. १९५५ च्या सुमारास त्यांनीं विवेकावर आधारलेली उपचारपद्धति पुढें आणली. मनुष्यास घटना जितकी अस्वस्थ करते, त्याहून घटनेविषयींची त्याची समजूत अधिक अस्वस्थ करते, हें ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचें जुनें मत त्यांनीं उपचाराच्या कामीं लाविलें. "अमुक व्हावें" ही इच्छा जेव्हां "अमुक झालेंच पाहिजे" अशा हट्टाचें रूप घेते, तेव्हां दुःखाची वेदना होते, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढें १९६० नंतर एरन बेक यांनीं मनांत आपोआप येणारे निराशेचे विचार कागदावर उतरवून त्यांची शहानिशा करण्याची रीत घालून दिली. १९८४ सालीं लॅझारस व फोकमन यांनीं आपल्या ग्रंथांत एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला: संकटाशीं झगडण्याचे दोन मार्ग आहेत, एक परिस्थिति बदलण्याचा, आणि दुसरा परिस्थितीमुळें उठलेलें मनाचें वादळ शांत करण्याचा. कोणता मार्ग केव्हां धरावा, हें ओळखणें हेंच खरें कौशल्य होय.

हीं बीजें मराठी मातींत रुजलीं, त्याचें श्रेय कांहीं थोड्या माणसांकडे जातें. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ के. एम. फडके यांनीं एलिस यांच्याशीं दीर्घ पत्रव्यवहार केला आणि त्यांची पद्धति भारतांत शिकविली. १९९० सालीं ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं सहकाऱ्यांसह मानसिक आरोग्याची संस्था स्थापिली. ज्या शहराचें नांव वेडाशीं जोडलें गेलें होतें, त्याच शहरांत लोक परीक्षेची भीति, संसारांतील कुरबुर, नोकरींतील ताण घेऊन उजळ माथ्यानें मानसशास्त्रज्ञाकडे जाऊं लागले. व्याख्यानें, शिबिरें व पुस्तकें यांच्या द्वारें ही विद्या मराठींत बोलूं लागली, आणि तिचा परकेपणा पुष्कळ अंशीं गेला.

परंतु मानसशास्त्रज्ञ नेमकें करतो तरी काय? नुसता धीर तर शेजारीही देतो. हें समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, अंजनवेलचा एक तांडेल आहे, वय चाळिशीच्या आसपास. वादळांत त्याची होडी उलटली, तो वांचला, जोडीदार गेला. सहा महिने झाले. तांडेल होडीवर जात नाहीं. कोणी विचारलें तर म्हणतो, वारा बरा नाहीं. रात्रीं दचकून उठतो, आणि झोंप यावी म्हणून पिऊं लागला आहे. चिपळुणास शिक्षक असलेला भाचा येऊन म्हणतो, "मामा, तुम्हांला वेड लागलें असें कोणी म्हणत नाहीं. गुडघा धरला तर दाखवतां कीं नाहीं? मग हें कां लपवतां?" मामा कुरकुरत जातो.

पहिल्या भेटींत मानसशास्त्रज्ञ उपदेश करीत नाहीं. उठणें, जेवणें, झोंपणें, कोणाशीं बोलणें, पेला केव्हां हातीं येतो, हें तो शांतपणें विचारतो. मग तो सांगतो, कीं छातींत होणारी धडधड हें भित्रेपणाचें लक्षण नव्हे. गडावर शत्रु दिसतांच नौबत वाजते; येथें शत्रु निघून गेला तरी नौबत वाजतच राहिली आहे, एवढेंच. ती थांबविण्यास शिकतां येतें. एवढें ऐकूनच पुष्कळांचें निम्मे ओझें उतरतें, कारण आजवर ते स्वतःस नामर्द समजत असतात.

त्यानंतर शिकवणें सुरू होतें. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडण्याचा सराव रोज दोन वेळां, आणि तोही मन स्वस्थ असतांना. कारण पोहणें पुरांत शिकतां येत नाहीं. दारूनें आलेली झोंप ही सावकाराच्या कर्जासारखी असते, पहाटे ती व्याजासह वसूल होते, हें तांडेलास त्याच्याच आठवड्याच्या टिपणांवरून दाखविलें जातें. "मी आधीं परत फिरलों असतों तर तो वांचला असता," हा विचार वहींत लिहवून घेतला जातो आणि त्याची चौकशी होते. त्या दिवशीं सकाळीं आभाळ कसें होतें? इतर होड्या गेल्या होत्या कीं नाहीं? आज जें ठाऊक आहे, तें त्या वेळीं ठाऊक होतें काय? जें वाईट घडलें, तें बरें होतें असें कोणी त्यास म्हणावयास सांगत नाहीं. दुःख राहतें, त्यावर चढलेली आरोपाची पुटें मात्र गळून पडतात.

पुढें पायरी पायरीनें समुद्राकडे जावयाचें. आधीं नुसतें धक्क्यावर बसावयाचें, भीति चढून ओसरेपर्यंत उठावयाचें नाहीं. मग बांधलेल्या होडींत; मग ओहोटीच्या शांत पाण्यांत काठाकाठानें; मग खाडी ओलांडून दाभोळपर्यंत. पीटर आणि सशाची जी गोष्ट, तीच ही. सर्वांत अवघड पायरी पाण्यावरची नसून जमिनीवरची असते: गेलेल्या जोडीदाराच्या घरीं जाऊन त्याच्या आईसमोर बसणें. महिन्यांमागून महिने जो उंबरा टाळला, तो ओलांडल्यावर दोघेंही रडतात, आणि त्या दिवसापासून तांडेलाची झोंप सुधारूं लागते. भीति समूळ गेली असें नव्हे; परंतु सुकाणूं पुन्हा त्याच्या हातीं आलें. मानसशास्त्रज्ञाचें काम येथें संपत येतें. त्यानें दिलेली विद्या आतां त्या माणसाची स्वतःची झाली आहे, आणि पुढील संकटीं ती त्यास परक्याच्या मदतीवांचून वापरतां येईल.

येथें कोणी शंका घेईल, कीं मनास समजावून पोट भरत नाहीं. ही शंका योग्य आहे, आणि अंजनवेलकरांस ती विचारण्याचा विशेष अधिकार आहे. अंजनवेल, वेलदूर व रानवी या गांवांच्या जमिनीवर दाभोळ वीज कंपनीचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. त्याविरुद्ध आंदोलनें झालीं; १९९९ सालीं वीज निघूं लागली, २००१ सालीं कारखाना बंद पडला, आणि २००५ सालीं तो नव्या कंपनीकडे गेला. जमिनीचा, मासेमारीचा आणि रोजगाराचा असा उलथापालथ झालेला प्रश्न दीर्घ श्वास घेऊन सुटत नाहीं. त्यासाठीं सभा, अर्ज, न्यायालय, संघटना हेच उपाय. अन्यायास निमूटपणें सोसण्याची संवय लावणें हें मानसशास्त्राचें काम नाहीं, आणि कोणी तें तसें वापरूं लागला तर त्यास हटकलें पाहिजे. परंतु दीर्घ झगडा देणाऱ्या माणसासही रात्रीं झोंप लागावी लागते, घरच्यांवर राग निघूं नये लागतो, हार झाली तरी उद्यां उठावें लागतें. परिस्थिति बदलणें आणि मन सावरणें हीं एकाच होडीचीं दोन वल्हीं आहेत. एकानेंच वल्हविलें तर होडी जागच्या जागीं फिरते.

सामुदायिक संकटांनींही हा धडा शिकविला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अन्न, वस्त्र व निवारा यांच्या बरोबरीनें वांचलेल्यांच्या मनाकडेही लक्ष द्यावें लागतें, हें महाराष्ट्रास उमगलें, आणि भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा शास्त्रीय अभ्यास झाला. जुलै २०२१ मध्यें अंजनवेलच्या याच वासिष्ठीनें वरच्या अंगास चिपळूण शहर बुडविलें. पुराचा चिखल कांहीं आठवड्यांत निघतो. पावसाचा आवाज ऐकतांच उठणारी धास्ती निघावयास अधिक काळ लागतो. अशा वेळीं पहिल्या दिवसांतच लोकांस घटना पुनःपुन्हा सांगावयास लावूं नये. सुरक्षितता, निवारा, आप्तांची भेट आणि नित्याचा क्रम आधीं द्यावा. ज्यांची अवस्था महिन्यानंतरही सुधारत नाहीं, त्यांस जाणत्याकडे न्यावें, असें आजचें शास्त्र सांगतें.

या विद्येच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. भ्रम, भास किंवा पराकाष्ठेची खिन्नता असेल, तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांची व औषधांची गरज लागते. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीं, आणि चांगला मानसशास्त्रज्ञ अशा रोग्यास आपण होऊन डॉक्टरांकडे पाठवितो. जो दोन भेटींत चमत्कार करून दाखविण्याचें वचन देतो, किंवा ऐकलेली गोष्ट चारचौघांत सांगतो, त्याच्यापासून दूर राहावें. खेडोपाडीं अशीं शिकलेलीं माणसें अद्यापि फार थोडीं आहेत, हीही मोठी अडचण आहे. ती कांहीं अंशीं दूर करण्यासाठीं १० ऑक्टोबर २०२२ रोजीं केंद्र सरकारनें टेली-मानस ही दूरध्वनीची सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर देशाच्या कोणत्याही कोपऱ्यांतून मनाची अडचण सांगतां येते.

कायद्याची भाषाही या दीडशें वर्षांत पालटली. १८५८ च्या कायद्यास वेड्या माणसास ठेवावयाचें कोठें, याची चिंता होती. २०१७ सालीं संमत झालेल्या आणि २०१८ पासून अंमलांत आलेल्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्यास पूर्वीं गुन्हेगार समजत. तो तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य होय, असें हा कायदा म्हणतो. भिंतीपासून हक्कापर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे.

मात्र कायद्यानें दार उघडलें तरी उंबरा ओलांडावयाचा असतो तो माणसानेंच, आणि त्यासाठीं घरच्यांचा हात पाठीवर लागतो. नवरा अबोल झाला, मुलगी जेवेनाशी झाली, म्हातारे वडील रात्रभर येरझारा घालूं लागले, तर "मनावर घेऊं नकोस" एवढें म्हणून भागत नाहीं. मनावर घेतलें गेलेलें असतें. तें उतरवावयाचें कसें, हें शिकविणारें कोणी तरी लागतें. गोपाळगडाचा तट कितीही भक्कम असला, तरी त्याला दरवाजा ठेवावाच लागला. धान्य, पाणी आणि मदतीस येणारीं माणसें त्याच दरवाजानें आंत येत. मनाच्या किल्ल्यासही तसाच एक दरवाजा हवा, आणि संकटकाळीं तो कोणासाठीं उघडावा, हें घरांतील प्रत्येकास आधींच ठाऊक असावें.